स्की घ्यायची आहे, रिव्ह्यू वाचून गोंधळ वाढलाय. मदत हवी आहे

गंगापूररोडकर
भाचा म्युनिकला असतो. डिसेंबरात नाशिकला येतोय, येताना माझ्यासाठी स्कीची जोडी आणणार आहे. कोणती ते शुक्रवारपर्यंत कळवायचंय. रोज रात्री रिव्ह्यू वाचतोय, व्हिडिओ बघतोय. एकाच स्कीबद्दल एक जण म्हणतो, कडक बर्फावरही हलत नाही. दुसरा म्हणतो, हट्टी आहे, वळवताना मांड्या भरून येतात. आणि दोघांनी पाचपैकी साडेचार दिलेत! स्कीच्या कंबरेची, म्हणजे मधल्या भागाची रुंदी ९८ मिमी घ्यावी की १०६, इथे अडकलोय. वापर गुलमर्गला. ज्यांनी वापरली आहे त्यांनी थेट मॉडेलचं नाव सांगा. भाड्याने घ्या असं कृपया सांगू नका.

हिमवेडा
उंची, वजन? कितपत येतं? गोंडोल्याच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याने वर अफरवाटच्या डोंगरावर जाऊन उतरता की खालच्या उतारांवर? बूट कोणते आहेत? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग नाव कशाच्या जोरावर सांगणार?

सातपूरचा_संजू
रिव्ह्यू वाचणं बंद करा. चाचणीची स्की कंपनीच देते, खाली खरेदीची लिंक असते, तिच्यावर कमिशन मिळतं. वाईट कोण लिहील? गुलमर्ग म्हणजे भुसभुशीत बर्फ. सरळ १०६ घ्या.

मीनल_द
संजू, कमिशनचं बरोबर आहे, पण म्हणून सगळेच रिव्ह्यू फेकून द्यायचे का? मला त्यांचा खूप उपयोग झालाय. लिहिणारा कोण आहे ते आधी बघायचं. नव्वद किलोचा, लहानपणापासून स्की करणारा माणूस जोरात उतरतो, त्याच्या वजनाने आणि वेगाने स्की नीट वाकते, म्हणून त्याला ती स्थिर वाटते. हलक्या, हळू जाणाऱ्या माणसाकडून तीच स्की वाकत नाही, म्हणून हट्टी वाटते. दोघंही खरंच लिहितात. त्यामुळे वजन, पातळी, कुठला बर्फ आणि किती लांबीची स्की वापरली हे दिलं नसेल तर तो रिव्ह्यू मी बाजूला ठेवते. वेगवेगळ्या वजनाच्या लोकांनी एकच तक्रार केली असेल तर मात्र ती गंभीरपणे घ्यायची.

आणखी एक. चाचणीच्या स्कीच्या कडांना बहुधा ताजी धार असते, तळाला मेण लावलेलं असतं. तीच स्की बोथट कडांची मिळाली तर कडक बर्फावर घसरते आणि लोक मॉडेलला नावं ठेवतात.

पंचवटी_पेडलर
सायकलच्या सीटचंही हेच. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिकेतली रॅम ही सायकल शर्यत पूर्ण केली आणि मला सायकलचं वेड लागलं. पंचतारांकित रिव्ह्यू वाचून सीट मागवली, त्र्यंबकपर्यंतसुद्धा बसवेना. बसण्याच्या हाडांतलं अंतर प्रत्येकाचं वेगळं. सीट घ्यायची असेल तर विचारा, सविस्तर सांगेन.

गंगापूररोडकर
सीट नको आहे. उंची पाच फूट सहा इंच, वजन ६१. गुलमर्गला कोर्स केलाय, दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं जमतात. दुसऱ्या टप्प्यावर अजून गेलो नाही, यंदा जायचंय. बूट भाचाच आणेल, माझा नंबर ८.

हिमवेडा
आठ नंबर सांगून स्कीचे बूट आणता येत नाहीत! ते पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतात. शिवाय पंजाची रुंदी, पावलाच्या वरच्या बाजूची उंची, पोटरीची जाडी. फ्लेक्सचा, म्हणजे बुटाच्या कडकपणाचा आकडाही फसवा आहे, एका कंपनीचा १०० दुसरीच्या १०० इतकाच कडक असेल असं नाही. बूट पायात घालून, तासभर उभं राहूनच घ्यायचे. पैसे आधी बुटावर घाला. टाच बुटात उचलली जात असेल तर कुठलीही स्की वळणार नाही.

मीनल_द
सहमत. आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड? बऱ्याच स्की नुसत्या विकतात, बाइंडिंग वेगळं घ्यावं लागतं. ते बुटाच्या तळव्याच्या लांबीप्रमाणे बसवतात. वजन, उंची, वय आणि पातळी बघून किती जोराला सुटावं ते ठरवतात. चुकलं तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा जातो. बुटाशिवाय भाचा दुकानात काय सांगणार?

तुम्ही नको म्हणालात तरी सांगते: गुलमर्गला भाड्याने वेगवेगळ्या रुंदीच्या एकेक दिवस वापरून बघा. ६१ किलोला १०६ मला पटत नाही, ९० च्या आसपासची बघा. खालच्या दाबलेल्या उतारांवर इतकी रुंद स्की तिच्या कडेवर तिरकी करायला जास्त जोर लागतो.

सातपूरचा_संजू
बर्फ पडल्यावर अफरवाटला ९० वर बुडतील, मग सांगा. मी स्वतः १०६ वापरतो, काही त्रास नाही.

मीनल_द
तुमचं वजन?

सातपूरचा_संजू
८४. पण वजनाचा संबंध सवयीपुढे फार नाही.

मीनल_द
इथेच तर फरक आहे. रुंद स्की बर्फावर तरंगावी म्हणून घ्यायची, आणि ६१ किलो तुमच्यापेक्षा कमी रुंदीवरही तरंगतात. हिमवर्षाव थांबून दोन-चार दिवस झाले की तोच उतार लोकांनी तुडवून खडबडीत होतो. तेव्हा ९० ची स्की हातात राहते.

अंजनेरी_प्रेमी
बर्फात जाताय तर घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज घ्या. एक नंबर मोठा, आत दोन मोजे. माझे साल्हेरला उत्तम चालले.

हिमवेडा
स्कीच्या बुटात दोन मोजे अजिबात नाहीत! एकच पातळ. दुसऱ्याने पकड जाते आणि रक्त नीट न फिरल्याने पाय उलट गार पडतात.

गंगापूररोडकर
बरं. बूट भाच्याकडून नको, ते मी स्वतः घालून बघून घेईन. बाइंडिंगही त्यानंतर. पण स्वस्तात मिळतेय तर नुसती स्की आणायला सांगतो, ९० च्या आसपासची. लांबी १६२ की १७०? उद्याच कळवायचंय.

मीनल_द
पुढचं टोक बर्फापासून किती आधी उचललं जातं, म्हणजे रॉकर किती आहे? जास्त असेल तर बर्फाला टेकणारी लांबी कमी होते, मग १७० सुद्धा चालेल. मॉडेल कोणतं ते लिहा.