मदत हवी आहे: गुळाच्या वेबसाईटला डोमेन (म्हणजे वेबसाईटचा पत्ता) कुठलं घ्यावं?

मंडळी, करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. यंदा गुळाचे १ किलोचे रवे (ढेपा) थेट गिऱ्हाइकाला पाठवायचेत, म्हणून वेबसाईट काढतोय. हवं ते नाव डॉट कॉमला गेलंय, डॉट इनला मोकळं आहे. डॉट इन घेतलं तर चालेल न्हवं? डॉट भारतमध्ये देवनागरीत नाव मिळतं, पण त्यावरचा ईमेल सगळीकडं पोचतो का?

इंग्रजीत ‘गूळ’ला यू लावू की डबल ओ? फोनवर सांगताना लोक चुकणारच. दोन्ही घेऊन एकावर वळवावं म्हणतोय.

वेबसाईट करणारा पोरगा म्हणतोय, “डोमेन माझ्या खात्यावर घेतो.” हे काय पटंना. सातबारा दुसऱ्याच्या नावावर कोण ठेवतंय?

शिवाय कोल्हापूर गुळाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. मग डोमेनमध्ये ‘कोल्हापूर’ घालायला परवानगी लागते का? माहीतगारांनी सांगा.