चुकांसकट आवडलेली व्हॅम्पायर मालिका

रात्रपाळी
मायकल अँडर्ली यांच्या 'द कर्थेरियन गॅम्बिट' या इंग्रजी कादंबरीमालिकेचे सहा भाग पंधरवड्यात वाचून संपवले. मूळ मालिका २१ भागांची. पहिला भाग नोव्हेंबर २०१५चा, लेखकाने स्वतःच काढलेला. व्हॅम्पायर म्हटलं की लसूण, क्रूस, शवपेटी हे आलंच. इथे मामला वेगळा आहे. परग्रहावरचं एक यान पृथ्वीवर येऊन पडतं, त्यातली सूक्ष्म यंत्रं माणसाच्या रक्तात जातात, प्रयोग फसतो आणि मागे उरते रक्ताची तहान. नायिका बेथनी अ‍ॅन असाध्य आजाराने मरणाच्या दारात उभी असताना हे पत्करते. कोक आणि महागडे बूट यांवर तिचा जीव, आणि शिव्या तर अशा की ऐकत राहावं!
सुरुवातीच्या आवृत्त्यांच्या संपादनावर वाचकांनी बरीच टीका केली होती, आणि ती खोटी नाही. तरी मला सोडवेना. रात्री दोनला 'आता एकच प्रकरण' म्हणायचं आणि चारला झोपायचं. कुणाला असं होतं का?

खिळेजुळारी
मला नाही होत. तिसऱ्या प्रकरणात पुस्तक मिटलं. तीस वर्षं प्रुफं तपासली, डोळा आपोआप चुकीवर जातो. एकदा आमच्याकडून एका शाळेच्या पत्रिकेवर 'शिक्षक दीन' गेलं. सगळे हसले, मुख्याध्यापक सोडून. पाचशे पत्रिका स्वखर्चाने पुन्हा छापल्या. विकत घेणाऱ्याला कच्चा माल द्यायचा नाही, एवढंच आम्ही शिकलो.

आकडेमोड
काका, पण हे गणितच वेगळं आहे. अँडर्लींचा हिशोब असा: २० पुस्तकं, प्रत्येकाने दिवसाला साडेसात डॉलर आणले की वर्षाचे ५०,००० सुटतात. गुणून बघा, थोडे जास्तच होतात. त्यात जुलै २०१५पासून किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या वर्गणी भरून ई-पुस्तकं वाचायच्या योजनेत, लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांवर पैसे मिळू लागले. म्हणजे वाचक पान उलटत राहिला पाहिजे, पुढचा भाग लगेच हाताशी पाहिजे. स्वल्पविरामासाठी दोन महिने थांबणं परवडत नाही.

खिळेजुळारी
म्हणजे घाई लेखकाची आणि ठेच वाचकाला! वेगाचं कौतुक आम्हाला सांगू नका. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. पण तेव्हा छापखान्यात खिळे जुळवणारा असायचा, प्रत्येक ओळ निदान एका परक्या माणसाच्या हाताखालून जायची. आता बटण दाबलं की पुस्तक बाजारात.

रात्रपाळी
ही परक्या माणसाची गोष्ट पटली. पण ती सोय त्यांनी नंतर केली. पुढच्या भागांच्या श्रेयनामावलीत 'जेआयटी' म्हणजे 'जस्ट इन टाइम' वाचकांची नावं असतात. पुस्तक बाहेर पडायच्या तोंडावर हे लोक ते वाचून चुका काढतात.

खिळेजुळारी
व्वा. म्हणजे आमचं काम आता गिऱ्हाईकच करणार.

रात्रपाळी
मी आनंदाने करीन! पुढचा भाग सगळ्यांच्या आधी वाचायला मिळणार असेल तर चुकाही शोधीन आणि चहाही स्वतःचाच पिईन. अहो, आपल्याकडे कीर्तनात बुवा अडखळले तरी लोक उठून जातात का? आख्यान रंगलेलं असलं की बसून राहतात.

खिळेजुळारी
बुवा समोर असतात, जीभ घसरते. छापलेली ओळ घसरत नाही, ती तशीच सोडलेली असते.

काठावरची
दोघांचं वाचून उत्सुकता वाटली. माझ्याकडे पहिला भाग कधीचा उतरवून ठेवलाय. ती जुनी प्रत आपोआप सुधारते का?

आकडेमोड
किंडलच्या खात्यात पुस्तकं आपोआप अद्ययावत करण्याचा पर्याय आहे, तो चालू आहे का बघा. आणि सुट्टीच्या आदल्या रात्री सुरू करा.