कंपाउंडबाहेरचा तेरडा : शनिवारचं कटिंग थांबवायचं का?

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. सर्व्हिस रोडच्या बाजूची, कंपाउंडबाहेरची पट्टी गणपतीआधी साफ करून घेतोय. शनिवारी सकाळी माळी दोन माणसं आणि ग्रास कटर घेऊन येईल. नंतर लाल माती टाकून सिंगापूर डेझी लावायचं कमिटीत ठरलंय. वर्षभर हिरवं राहतं, देखभाल नाही.

ए-११०४: बरं झालं. फार रान माजलंय. नातवाला स्कूल बसपर्यंत सोडताना जीव मुठीत धरून जावं लागतं, कधी साप निघेल सांगता येत नाही. डास आहेत ते वेगळेच.

बी-२०२: मी ऑनलाइन रानफुलांच्या बियांचं पाकीट बघितलंय. केशरी-पिवळी फुलं, फोटो मस्त आहेत. डेझीबरोबर तेही टाकू या का?

सी-६०३: सेक्रेटरीकाका, शनिवारचं काम कृपया थांबवा. मोठा मेसेज लिहितेय, पण सगळ्यांनी वाचा अशी विनंती आहे.

त्या पट्टीत आत्ता तेरडा फुलायला लागलाय. गुलाबी, पूर्ण उतारभर. खाली निळा केना आहे, कुर्डूचे तुरे आहेत, नाल्याकडच्या टोकाला पिवळा कवला आहे आणि कुंपणाच्या जाळीवर कळलावी चढलीय. यातलं काहीही कोणी लावलेलं नाही. ठाण्यात घोडबंदर रोडवर टॉवर यायच्या आधी येऊरचा डोंगर जिथपर्यंत उतरत होता, त्याचा हा उरलेला काठ आहे. तेरडा ही वर्षायू वनस्पती. पावसाबरोबर उगवते, फुलते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिच्या बोंडांतून बी फुटून उडतं आणि झाड मरतं. पुढच्या वर्षी जे येणार ते फक्त याच बियांतून. आत्ता, फुलावर असताना कटर फिरवला की यंदाचं बी गेलं. असं ओळीने दोन-तीन वर्षं झालं की तेरडा संपतो.

आणि जागा रिकामी राहत नाही, तिथे काँग्रेस गवत येतं. ते महिना-दीड महिन्यात फुलावर येतं, एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. दमा आणि अंगावर खाज असलेल्यांना त्याचा त्रास ठाऊक आहे. आपल्या मागच्या गेटजवळ बघा, जिथे दरवर्षी आधी कापतो तिथेच ते जास्त आहे.

डी-७०१: ताई, अगदी मनातलं बोललात. आमच्याकडे रायगडात तेरड्याचीच गौर. घरातल्या बायका उतारावरून मुळासकट तेरडा उपटून आणायच्या, नेसवून-सजवून बसवायच्या. आता आम्ही जांभळी नाक्यावरून जुडी विकत आणतो, आणि दारातला कापायला माणूस लावतो. हे कुठेतरी थांबायला हवं.

बी-२०२: मग बियांचं पाकीट टाकलं तर उलट मदतच होईल ना? रानफुलंच आहेत ती.

सी-६०३: फोटो पाठवलास तो बघितला. तो कॉसमॉस आहे, मूळचा मेक्सिकोचा. दिसायला छान, पण मोकळ्या उतारावर एकदा पसरला की आवरत नाही. कुंडीत लाव, बाहेर टाकू नकोस.

सिंगापूर डेझीबद्दल तर माझा ठाम विरोध आहे. तीही अमेरिका खंडातली. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या जातींची आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेची यादी आहे, तिच्यात हिचं नाव आहे. आपल्याकडे माजलेली घाणेरी (लँटाना) आणि कोकणातलं रानमोडी हे तणही त्याच यादीत आहेत. डेझीच्या प्रत्येक पेऱ्याला मुळं फुटतात, सतरंजीसारखी जमीन झाकून टाकते, खालून दुसरं काही वर येऊ देत नाही. "देखभाल नाही" म्हणतात ते यामुळेच.

झेंडूही मेक्सिकोचा हे मला माहीत आहे, आणि माझ्या दाराला दसऱ्याला त्याचंच तोरण असतं. परदेशी झाडाशी वैर नाही. पण झेंडू शेतात राहतो, डेझी राहत नाही.

ए-११०४: फुलांचं सगळं पटतं गं. पण सापाचं काय? आणि डेंग्यू झाला तर?

सी-६०३: काकू, तुमची काळजी रास्त आहे, ती बाजूला सारून मला पुढे जायचं नाही. फुटपाथलगतची तीन फुटांची पट्टी आणि बस थांबते तिथली जागा आखूडच ठेवू या, तिथे दर पंधरा दिवसांनी कापायला माझी हरकत नाही. पाय कुठे पडतोय ते दिसलं पाहिजे. साप मात्र उंदरांमागे येतो, आणि उंदीर येतात ते तिथे कोपऱ्यात लोक उष्टं-खरकटं टाकतात म्हणून. ती पिशव्यांची रास हलवली तर गवत कापण्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालच्या ताटल्या, गच्चीवरची ताडपत्री, एसीचा ट्रे. उतारावर पाणी ठरतच नाही.

ट्रेझरर: खर्चाचं बोलू. लाल माती, रोपं, मजुरी मिळून कोटेशन बरंच आहे. पट्टी आपली नाही, महापालिकेची आहे, हेही लक्षात घ्या.

सेक्रेटरी: हो, पण झाड तोडायचं नाहीये, गवतच आहे. त्याला परवानगी लागत नाही.

सी-६०३: लागत नाही, आणि दुखणं तेच आहे काका. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला संरक्षण आहे. तेरडा, कवला, केना यांना कोणी वाली नाही. म्हणून तर आपण विचारायचं. उद्यान विभागाला एक साधं पत्र देऊ, की ही पट्टी आम्ही राखतो, पावसाळ्यात सरसकट कापू नये. मसुदा मी करते.

तणनाशक मारायचं कोणी सुचवलं तर तेही नको. ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच मारून घ्यावं, असा केंद्राचा २०२२ चा आदेश आहे. माळ्याच्या हातात पंप द्यायचा नाही.

बी-२०२: ओके, पाकीट नाही घेत. पण मोकळे ठिपके आहेत तिथे काय लावायचं मग? मुलीला घेऊन यायचं डोक्यात आहे. कारवी चालेल? येऊरला लोक बघायला जातात ती.

सी-६०३: कारवी जंगलातच राहू दे. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते, तिला तो डोंगरच हवा. आणि येऊरमधून रोप, कंद, बी काहीही आणायचं नाही, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं.

आपल्याकडे बी आहेच. बोंडं फुगली की कागदी पिशवीत धरायची, प्लास्टिकमध्ये नाही, बुरशी येते. सावलीत वाळवून ठेवायची आणि मे अखेरीस वाळूत मिसळून मोकळ्या जागी फेकायची. खणायचं नाही, बाहेरची माती टाकायची नाही. लाल मातीच्या गाडीतूनच काँग्रेस गवताचं बी येतं, आणि आपलं जमिनीतलं बी खाली गाडलं जातं. कुंपणाजवळ कोरांटी लावू, ती नर्सरीत मिळते. लेमन पॅन्सी फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. टाकळ्यावर आत्ताच छोट्या पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत, मुलीला दाखव. मग एखाद्या रविवारी ओवळ्याच्या फुलपाखरू उद्यानात घेऊन जा, तिला दहा पट कळेल.

कळलावी मात्र मुलांना हात लावू देऊ नका. फुलापासून कंदापर्यंत सगळी विषारी आहे. तिथे पाटी लावू.

डी-७०१: टाकळा-कुर्डू भाजीला काढायचा का? घरात विचारणा झालीय.

सी-६०३: काका, रस्त्याच्या कडेचा नको. धूर आणि धूळ बसलेली असते. भाजी नाक्यावर येऊरकडच्या बायकांकडून घ्या, त्यांनाही दोन पैसे मिळतील.

सेक्रेटरी: ठीक आहे. शनिवारी माळ्याला फक्त फुटपाथची कड आणि गेटजवळचं कापायला सांगतो. डेझीचा विषय पुढच्या मीटिंगपर्यंत थांबवू. पण पूर्ण पट्टी कधीच कापायची नाही असं चालणार नाही, तक्रारी येतात.

सी-६०३: कापायची की. दिवाळीनंतर, बी पडून गेल्यावर, वर्षातून एकदा. कापलेलं चार दिवस तिथेच वाळू द्यायचं, राहिलेलं बी झडतं, मग उचलायचं. काँग्रेस गवत आणि घाणेरी मात्र आत्ताच हाताने उपटायची, फुलायच्या आधी. रविवारी सात वाजता मागच्या गेटला या. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, दमा असलेल्यांनी येऊ नये. काँग्रेस गवतावर पांढुरक्या रंगाचे, काळ्या नागमोडी रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका. ते गवत खाण्यासाठीच १९८० च्या दशकात मेक्सिकोहून मुद्दाम आणलेले आहेत.

ट्रेझरर: कोटेशन होल्डवर टाकतो. पाटीचा खर्च पेटी कॅशमधून होईल.

ए-११०४: एक पावसाळा बघते मी. कचऱ्याच्या पिशव्यांचं आधी करा. आणि तिथे आघाडा आहे का गं? पत्रीला लागेल.

सी-६०३: आहे काकू, जाळीच्या आतल्या बाजूला भरपूर. माकाही आहे नाल्याजवळ. रविवारी काढून ठेवते, वर आणून देते.