बाली: टूरबरोबर की आपलं आपण? सोलापूरकरांनो, बोला

पार्कचौकी

परवा नवी पेठेत एका टूरवाल्याकडे बहिणीबरोबर बसलो होतो. तिला आणि दाजींना इंडोनेशियातल्या बालीला जायचंय. हातात जो कागद मिळाला त्यात पाच रात्री, सहा दिवस, आणि तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात सकाळी आठ ते रात्री आठ अशी सात ठिकाणं. घरी आल्यावर तिला म्हटलं, हे पैसे भरू नकोस. तेव्हापासून घरात वाद चालू आहे, म्हणून इथे मांडतो.

माझं मत असं की बाली आपलं आपण फिरावी आणि कमी ठिकाणं बघावीत.

बेट साधारण ५,७८० चौरस किलोमीटरचं. आपला सोलापूर जिल्हा त्याच्या अडीचपट. त्यामुळे वाटतं, चार दिवसांत उरकेल. पण विमानतळापासून उबुद गाव जेमतेम ३५-४० किलोमीटर, आणि आम्हाला पावणेदोन तास लागले. रस्ते अरुंद, स्कूटरी ढिगाने. एका दिवसात सात ठिकाणं म्हटलं की निम्मा दिवस गाडीच्या काचेतून जातो.

आम्ही दोघं मे महिन्यात अकरा दिवस होतो. इथून उद्यान एक्सप्रेसने बंगळुरू, तिथून थेट विमान. व्हिसा ३० दिवसांचा, ५ लाख रुपिया. आम्ही गेलो तेव्हा आपल्या एका रुपयाला साधारण १९० रुपिया मिळत होते, म्हणजे सव्वीसशेच्या आसपास. शिवाय परदेशी पाहुण्यांवर १४ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेली दीड लाख रुपियाची पट्टी. दोन्ही घरबसल्या ऑनलाइन भरता येतं. यासाठी कुणी 'सर्व्हिस चार्ज' मागत असेल तर देऊ नका.

अकरातले पाच दिवस सिदेमेनच्या खोऱ्यात एकाच घरी राहिलो. घरमालकिणीला सगळे 'इबू' म्हणायचे, म्हणजे आई. सकाळी सहाला ती ताट घेऊन निघायची. ताटात नारळाच्या कोवळ्या पानांच्या तळहाताएवढ्या चौकोनी परड्या. त्यात पूर्वेला पांढरं फूल, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं, वर चिमूटभर भात आणि उदबत्ती. एक देवळीत, एक चुलीपाशी, एक उंबऱ्याबाहेर थेट जमिनीवर. ठेवली की फुलाने पाणी शिंपडायची आणि धुरावर हात फिरवायची. याला 'चनांग सारी' म्हणतात. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या बायकोला शेजारी बसवून परडी विणायला शिकवलं. आपण पत्रावळीला काडी टोचतो ना, अगदी तशीच बांबूची बारीक काडी टोचतात. आजीबरोबर पत्रावळ्या लावलेल्या असल्याने बायकोला दुसऱ्याच परडीत जमलं. इबू हसून शेजारणीला हाक मारून दाखवत होती. हे कुठल्या कागदावरच्या कुठल्या रकान्यात बसणार?

जुळेसोलापूर_काका

तुमचं लिखाण आवडलं, मत पटलं नाही.

मी बासष्ट वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी पत्नी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या थोरल्या बहिणीला घेऊन टूरबरोबर बालीला गेलो. तिघांचाही पहिलाच पासपोर्ट. तनाह लोत या समुद्रकाठच्या देवळापाशी ओल्या खडकावर ताईंचा पाय सरकला, मनगट मोडलं. टूरच्या मुलाने पंधरा मिनिटांत गाडी बोलावली, दवाखान्यात तीन तास बसून राहिला, कागद त्यानेच भरले, विम्याच्या लोकांशी तोच बोलला. मी तिथे एकटा असतो तर काय केलं असतं, हा विचार आजही मनात आला की झोप उडते.

तुम्ही दोघं तरुण, मोबाइलवर सगळं करणारे. तुमच्या बहिणीचे यजमान कदाचित वर्षातून एकदाच आठ दिवस रजा काढू शकत असतील. त्या आठ दिवसांत हॉटेल शोधा, गाडी ठरवा, भाव करा, हे सगळं त्यांनी का करावं? रोज संध्याकाळी वरणभात मिळतो याला काही जण हसतात. माझ्या बहिणीला मधुमेह आहे. तिच्यासाठी वेळेवर ओळखीचं जेवण हे औषधच होतं.

सिव्हिल_लाइन्स

काकांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. मी परिचारिका आहे आणि हा विषय माझ्या घरात घडलेला आहे.

माझा धाकटा भाऊ मित्रांबरोबर 'आपलं आपण' गेला होता. कुटाला स्कूटर घेतली, दिवसाला ८० हजार रुपिया, म्हणजे आपले सव्वाचारशे. देणाऱ्याने लायसन्स विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी उलुवातूच्या उतारावर वाळूवरून घसरला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन तिथेच करावं लागलं. प्रवासविमा काढलेला होता, पण कंपनीने दावा फेटाळला, कारण त्याच्याकडे दुचाकीचं आंतरराष्ट्रीय परमिट नव्हतं. ३ लाख ४० हजार रुपये आम्ही सोसायटीतून कर्ज काढून भरले. आई त्या चार दिवसांत ताटावर बसून नुसती भात चिवडायची.

त्याचा दोष आहेच. पण फोटो टाकणारे सगळे स्कूटरवरचे फोटो टाकतात आणि परमिटबद्दल कुणी अक्षर लिहीत नाही. २०२३ मध्ये तिथल्या राज्यपालांनी परदेशी पाहुण्यांना भाड्याने दुचाकी देणंच बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता. इतके अपघात आणि नियमभंग होत होते. पार्कचौकी, तुमच्या एवढ्या मोठ्या लिखाणातही तुम्ही कशावरून फिरलात हे नाही.

पार्कचौकी

ताई, खरं आहे, ते लिहायला हवं होतं. आम्ही स्कूटर घेतली नाही. पाच दिवस गाडी आणि चालक ठरवला होता, दहा तासांचे साडेसहा लाख रुपिया, पेट्रोलसकट. म्हणजे सुमारे ३,४०० रुपये. बाकी दिवस पायी. ज्यांना स्कूटर चालवायचीच आहे त्यांनी निघण्याआधी आरटीओतून परमिट काढावं. हजार रुपये फी, एक वर्ष चालतं, आणि त्यावर दुचाकीचा प्रकार नोंदलेला आहे ना हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, म्हणून आपल्याला फाजील भरवसा येतो. तुमच्या भावाची तब्येत आता कशी आहे?

सिव्हिल_लाइन्स

चालतो. किंचित लंगडतो. विचारलंत, बरं वाटलं.

मागवाल्याचा_पोरगा

मी दोन्ही प्रकारे गेलोय, म्हणून बोलतो.

वडील अशोक चौकातल्या कारखान्यात मागावर होते. चादरीच्या मागाचा आवाज ऐकत झोपलेली पोरं आम्ही. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात कन्नड नि उर्दू. पहिल्यांदा टूरबरोबर गेलो तेव्हा 'विणकाम गाव' म्हणून एका मोठ्या दुकानात नेलं. दारात दोन मुली मागावर बसवलेल्या, आत चार दालनं कपड्यांची. पाऊण तास खरेदी. मला नुसतं बघून कळलं की तो माग कित्येक दिवसांत चाललेला नाही. धाग्यावर धूळ होती.

दुसऱ्यांदा एकटा गेलो आणि पूर्वेकडच्या तेंगानान गावी पोचलो. तिथे 'गेरिंगसिंग' विणतात. विणण्याआधी उभा धागा आणि आडवा धागा, दोन्ही बांधून रंगवायचे, आणि विणताना दोन्हीवरची नक्षी एकमेकीवर बरोब्बर बसवायची. दोन्ही धागे असे रंगवणारी ठिकाणं जगात मोजकी. आपल्याकडे पाटणचं पटोळं आणि आमच्या तेलंगणातलं पोचमपल्ली. एक बाई ओट्यावर कमरेला पट्टा लावून बसली होती. दर आडव्या धाग्यानंतर थांबायची, बोटांच्या टोकांनी धागा केसभर सरकवायची, डोकं तिरकं करून बघायची, मग ठोकायची. तासाभरात बोटभरही कापड झालं नाही. मी बाजूला बसलो होतो. भाषा येत नव्हती. मी ताण्यावर बोट ठेवून वडिलांसारखा हात चालवून दाखवला, तर तिने सरकून मला जागा दिली.

काका, तुमच्या ताईंना टूरने सांभाळलं, ते मोठं काम आहे, मी नाकारत नाही. पण मागावर वाढलेल्या माणसाला मागाच्या देशात नेऊन दुकान दाखवलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

बाळीवेशीची

शाकाहारी लोकांसाठी मधेच लिहिते, कारण दोन्ही बाजू हे विसरतात. तिथल्या मिरचीच्या 'सांबाल'मध्ये बहुतेकदा 'तेरासी' असते, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी. भाजी दिसली म्हणून शाकाहारी समजू नका. 'तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा दागिंग' एवढं पाठ करा: तेरासी नको, मासे नकोत, मांस नको. 'वारुंग' नावाच्या छोट्या खानावळींत सोयाबीनचं 'तेंपे' आणि 'गादो-गादो' मिळतं. गादो-गादो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा दाट रस्सा. त्यातही तेरासी घालतात, म्हणून विचारूनच घ्या. मी सोबत नेलेली शेंगाचटणी एका वारुंगवालीला चाखवली. तिने दोनदा मागून घेतली.

आणि शब्द ऐकत राहा. 'नामा' म्हणजे नाव, 'सुआमी' म्हणजे नवरा, 'इस्त्री' म्हणजे बायको, भाषेला 'बहासा'. आपल्या माणसाला तिथे मुकं राहायचं काही कारण नाही.

विजापूर_वेस

सगळे कसं फिरावं यावर बोलताय. मला विचारायचंय, तुम्ही तिथे जाऊन वापरता ते पाणी कुणाचं?

आमच्याकडे चार दिवसांआड नळ येतो. रात्री दोनला उठून पिंपं भरणारी मी बाई आहे, म्हणून हे मला पहिल्यांदा दिसतं. बालीच्या भातशेतीचं पाणी 'सुबक' वाटून देतात. सुबक म्हणजे एका पाटावरच्या शेतकऱ्यांची मंडळी. कुणी कधी पेरायचं, कुणी कधी जमीन रिकामी ठेवायची हे पाण्याच्या देवळात बसून ठरतं. १९७० च्या दशकात सरकारने वर्षभर सलग भात घ्या म्हणून जोर लावला, देवळाचं वेळापत्रक मोडलं, तेव्हा पाणी कमी पडलं आणि किडीने शेतं खाल्ली. शेजारची शेतं एकाच वेळी रिकामी असली तरच कीड उपाशी मरते, हे त्या जुन्या वेळापत्रकात होतं. सिद्धरामेश्वरांनी तळं खोदून घेतलं त्या गावच्या माणसाला देव आणि पाणी एकत्र का असतात हे समजावून सांगावं लागत नाही. २०१२ मध्ये युनेस्कोने या सुबकांना जागतिक वारसा म्हटलं.

आता याच शेतांत व्हिला उभे राहतात. टूरवाले निदान समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलांत कोंबलेले असतात. आतल्या खोऱ्यांत शिरून 'शेताकडे तोंड असलेली खोली' मागणारे तुमच्यासारखे आपलं आपण फिरणारेच. पार्कचौकी, सिदेमेनमधली तुमची खोली आधी काय होती हे इबूला विचारलंत का?

पार्कचौकी

विचारलं होतं. गोठा होता. मागचं शेत अजून ते कसतात, पण थोरला मुलगा क्रूझवर नोकरीला गेला आणि परत शेतीत यायचं नाही म्हणतो.

तुमच्या प्रश्नाने दोन दिवस डोक्यात घर केलं. जाऊच नये, यावर मात्र मी येत नाही. २०२० मध्ये पाहुणे बंद झाले आणि बालीची अर्थव्यवस्था एका वर्षात नऊ टक्क्यांहून जास्त आकसली. इबूने त्या वर्षी सोनं मोडलं. पण पोहण्याच्या टाकीची खोली घ्यायची नाही, शेतात नव्याने बांधलेल्या व्हिलात उतरायचं नाही, राहत्या घरातच राहायचं, एवढं मी धरून चालेन. बहिणीलाही तेच सांगितलं.

विजापूर_वेस

हे चालेल. पण दर वर्षी नवीन माणसं जातात आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत. माझं मत बदललेलं नाही.

होटगीनाका

काय भांडलालाव बे सगळे! मला पाडव्याला जायचंय, तारखा बघा कुणीतरी.

बाळीवेशीची

पाडव्याच्या आसपास जाणार असाल तर सांभाळा. तिथेही शकच चालतो, आणि त्यांचं नवं वर्ष म्हणजे 'न्येपी'. त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत विमानतळ बंद, रस्ते बंद, दिवे बंद, मोबाइलचं इंटरनेट बंद. पाहुण्यांनीही आवाराबाहेर पडायचं नाही. २०२३ मध्ये न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी होते, २२ मार्चला, शके १९४५. पण दर वर्षी जुळतातच असं नाही, २०२४ मध्ये जवळजवळ महिन्याचं अंतर होतं. तारीख बघूनच तिकीट काढा. आदल्या संध्याकाळी 'ओगोह-ओगोह' म्हणजे राक्षसांच्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात, त्या मात्र चुकवू नका.

जुळेसोलापूर_काका

वाद राहू दे बाजूला. 'विजापूर वेस' यांचं वाचून ताईंना पाण्याच्या देवळाचं सांगितलं. त्या म्हणतात, मनगट मोडलं म्हणून बेट अर्धंच पाहिलं, मला ते देऊळ बघायचंय. या वेळी टूरमध्ये ते नाही. पार्कचौकी, चालकाबरोबर आम्ही तिघं जाऊ शकू का? किती उतरावं-चढावं लागतं?

पार्कचौकी

काका, नक्की जमेल. पाण्याच्या देवीचं मोठं देऊळ म्हणजे पुरा उलुन दनू बतूर. आधी ते खाली सरोवराकाठी होतं. १९२६ मध्ये बतूर ज्वालामुखीच्या उद्रेकात लाव्ह्याने गाव गिळलं, तेव्हा लोकांनी देऊळ वर कड्यावर हलवलं. त्यामुळे आता ते किंतामणीच्या रस्त्यालाच आहे, सरोवरापर्यंत उतरावं लागत नाही. काही पायऱ्या आहेत, ताईंना हात धरून न्या. वर गारठा असतो, शाल ठेवा. सकाळी नऊच्या आत पोचलात तर बहुधा ढग नसतात आणि खाली सरोवर दिसतं. आमच्या चालकाचा नंबर तुम्हाला वेगळा पाठवतो. तो ताईंना 'इबू'च म्हणेल.