येऊरला गाय गाभडली. ओहोळावर येणाऱ्या चितळांचे काय?

प्रश्न (येऊर, ठाणे)

आमच्याकडे अकरा जनावरे आहेत. गोठ्यामागचा ओहोळ ओलांडला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान सुरू होते आणि पहाटे चितळांचा कळप त्याच ओहोळावर पाणी प्यायला येतो. गेल्या आठवड्यात सात महिन्यांची गाभण गाय चरता चरता काठावरच गाभडली. मी पोहोचलो तेव्हा गर्भ गवतात पडला होता, वार निम्मी लोंबत होती आणि दोन कुत्री समोरच टपून बसली होती. वार दुसऱ्या दिवशी पडली. ती पिवळसर आणि चामड्यासारखी जाड होती. डॉक्टरांनी रक्ताचा नमुना नेला असून सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेलोसिसची) शंका व्यक्त केली आहे. शेजारी म्हणतात की हा रोग हरणांनीच आणला. माझ्या आणखी तीन गायी गाभण आहेत. त्यांना कसे जपावे, आणि आमच्या गोठ्यातून रानाला काही बाधा होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर (निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, कळवा)

अहवाल येईपर्यंत थांबू नका. रोग निश्चित झाला आहे असे धरूनच वागा. या रोगाचे जंतू सर्वाधिक असतात ते पडलेल्या गर्भात, वारेत आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे वाहणाऱ्या स्रावात. दुसरी गाय ते गवत चाटते किंवा हुंगते, आणि लागण होते. कडक उन्हात हे जंतू लवकर मरतात, मात्र ओलसर सावलीत आठवडेच्या आठवडे तग धरतात, आणि येऊरच्या ओहोळाकाठी पावसाळ्यात ऊन किती पोहोचते हे आपण जाणताच. म्हणून गर्भ व वार हातमोजे घालून उचलावी, चुना टाकून कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात, ओहोळापासून दूर पुरावी, आणि काठावरचे ते गवत कापून जाळावे. त्या गायीची दावण, गव्हाण आणि पाण्याची बादली वेगळी करावी.

हा रोग माणसालाही होतो. माझ्या एका सहकाऱ्याने उघड्या हाताने वार काढली होती. त्याचा चढउतार होणारा ताप आणि सांधेदुखी कित्येक महिने हटली नाही. घरातील गरोदर स्त्रीला व लहान मुलांना त्या गोठ्यात पाठवू नका, आणि दूध चांगली उकळी आल्याशिवाय कोणालाही देऊ नका.

मात्र गाभडण्याला दुसरी कारणेही असतात. ठाण्याच्या पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शक्यता कधीही सोडून देऊ नये. तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना अवश्य द्या. सांसर्गिक गर्भपाताच्या लसीबद्दल सांगायचे तर ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच, आयुष्यात एकदा देतात. जिवंत जंतूंची लस असल्यामुळे गाभण गायींना ती देत नाहीत. 2019 पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस आणि लाळ्या खुरकुताची लस दोन्ही मिळतात. फिरते पथक बोलवायचे असल्यास 1962 वर फोन करावा.

उत्तर (वन्यजीव अभ्यासक, वाशी)

हरणांवर ठपका ठेवण्यापूर्वी अमेरिकेतील यलोस्टोन परिसराचा अनुभव पाहावा. तेथे एल्क, म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातले मोठे हरीण, आणि गव्यासारखे बायसन या रोगाचे वाहक आहेत. यलोस्टोनच्या बायसनमध्ये हा रोग 1917 साली प्रथम आढळला, आणि तो तेथे वसाहतकारांच्या गुरांकडूनच पोहोचला असे अभ्यासक मानतात. आज उलट होते आहे: 2017 च्या राष्ट्रीय अकादमींच्या अहवालानुसार तेथील गुरांमधील अलीकडची लागण एल्ककडून आलेली आहे. वायोमिंग राज्यात हिवाळ्यात एल्कना वैरण घालण्याची पद्धत 100 वर्षांहून जुनी आहे. त्या वैरणीवर शेकडो जनावरे दाटीने उभी राहतात आणि एखादी मादी गाभडली की सगळा कळप तिथे हुंगायला जमतो. म्हणून तेथील पशुपालक गवताच्या गंजींना उंच कुंपण घालतात, धोक्याच्या महिन्यांत गुरे आणि एल्क वेगळे राहतील असे चराईचे वेळापत्रक आखतात, आणि त्या क्षेत्राबाहेर गुरे नेण्यापूर्वी त्यांची तपासणी करावी लागते.

आपल्याकडे यातून घेण्यासारखी गोष्ट अगदी साधी आहे. हरणे आपणहून विखुरलेली असतात, आपण त्यांना एकत्र आणतो. उघड्यावरची वैरण, मिठाचा खडा आणि येऊरला येणारी पाहुणे मंडळी कौतुकाने टाकतात ती भाजीची देठे, या तिन्ही गोष्टी थांबवाव्यात. रानासाठी आपल्या गुरांचा धोका काल्पनिक नाही. 1968 मध्ये बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाने तमिळनाडूतील मुदुमलाईच्या बाजूचे गवे मोठ्या संख्येने मेले होते. लाळ्या खुरकूत तर चितळ-सांबरांना आजही होऊ शकतो.

उत्तर (वकील, घोडबंदर रोड)

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 33 क नुसार अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतील गुरांच्या लसीकरणाची उपाययोजना करणे हे मुख्य वन्यजीव रक्षकाचे कर्तव्य आहे, आणि कलम 35 ने ती तरतूद राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. गावाने एकत्रित अर्ज करावा. मात्र उद्यानाच्या हद्दीत गुरे चारण्यास मनाई आहे, हेही लक्षात असू द्यावे. तसेच 2009 च्या पशुरोग कायद्यानुसार अशा रोगाची शंका आल्यास कळवणे मालकावर बंधनकारक आहे.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. पहिला अहवाल सांसर्गिक गर्भपाताचाच आला. गाय आता जुन्या गवताच्या खोपटात वेगळी बांधली आहे. तिला विकून दुसऱ्याच्या दावणीला हा रोग पाठवणार नाही. तिन्ही गाभण गायींचे नमुने सोमवारी जातील. मिठाचा खडा आत घेतला आहे, गुरांना पाणी गोठ्यातच पाजतो, आणि ओहोळाच्या आमच्या काठाला करवंदीच्या काट्यांचे कुंपण घातले आहे. आज पहाटे चितळे पलीकडच्या काठाने पाणी पिऊन गेली.