पुदिन्याचा गारवा: बाष्पीभवन की संवेदना?

पुदिन्याने तोंड गार का वाटते, या चर्चेतल्या एका प्रतिसादात म्हटले आहे की पुदिन्याचे तेल उडून जाताना उष्णता शोषून घेते, म्हणून जीभ गार होते. स्पिरिटच्या बाबतीत हे खरे आहे, पण पुदिन्याच्या बाबतीत मला ते पटत नाही. पेपरमिंटची गोळी चघळून झाल्यावर माठातले साधे पाणी प्यायले तर ते बर्फाचे असल्यासारखे दातांना झोंबते. गोळी तर केव्हाच संपलेली असते आणि पाणीही तेच असते. त्वचेतील व तोंडातील चेतातंतूंवर टीआरपीएम८ नावाचे प्रथिन असते. साधारण २५ अंश सेल्सिअसखाली त्याचे द्वार उघडते, कॅल्शियम व सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) आत शिरतात आणि मेंदूला ‘गार’ असा संदेश जातो. पेपरमिंटमधला मेंथॉल हा घटक हेच द्वार अधिक उष्ण तापमानालाही उघडतो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या शास्त्रज्ञांच्या गटांनी २००२ मध्ये स्वतंत्रपणे हे दाखवले. तापमान व स्पर्श यांच्या ग्राहींवरील (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनांवरील) कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले.

या चर्चेत एक गोष्ट राहून गेली. आपल्या चटणीतल्या पुदिन्यात बहुधा मेंथॉल अगदी थोडे आणि कार्व्होन हे दुसरे सुगंधी द्रव्य जास्त असते, म्हणून तिला वास भरपूर असूनही गोळीसारखा गारवा नसतो. शिवाय अंगभर मेंथॉल लावल्यास शरीर थंडी पडल्याचे समजून त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते व उष्णता आत राखते; त्यामुळे ताप उतरवण्यासाठी अंगाला मेंथॉलचा बाम चोळणे मला चुकीचे वाटते.