शब्दचर्चा : ‘रोजची भाकर’ बदलून ‘रोजचं अन्न’ करावं का?

पुण्याची, आता जालन्याची
आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलसाठी प्रभूच्या प्रार्थनेचं (येशूनं शिष्यांना शिकवलेली ती) कार्ड छापायचं आहे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या ओळीवर गाडी अडली आहे. माझ्या कानाला ‘भाकर’ जरा जुनाट वाटतं, निदान ‘भाकरी’ तरी करावं. एका पालकांचं म्हणणं, सरळ ‘अन्न’ लिहा, पोरं हल्ली चपाती नि नूडल्सवर वाढतात. सासूबाई म्हणतात, ‘प्रार्थनेतल्या शब्दाला हात लावू नका.’ जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ
ताई, जुनाट कुठून आलं? पैठणपासून नांदेडपर्यंत कुठंही विचारा, बाई भाकरच थापते. एक भाकर, दोन भाकरी. भिंत–भिंती, तसं भाकर–भाकरी. तुमच्याकडं एकवचनच ‘भाकरी’ झालं, म्हणून ‘भाकऱ्या’ करायची पाळी आली. शुभवर्तमानात, येशूनं एका पोराच्या शिदोरीतून हजारोंना जेवू घातलं नि वर बारा टोपल्या तुकडे उरले त्या गोष्टीत, ‘पाच भाकरी व दोन मासे’ आहे, ते आमच्या व्याकरणात जसंच्या तसं बसतं. पुण्याचा मुलगा तिथं अडखळतो, अंबडचा नाही.

आता ‘अन्न’. अर्थानं चूक म्हणता येणार नाही. बायबलातल्या हिब्रूत ‘लेहेम’ म्हणजे भाकरही आणि एकूण जेवणही. (त्याच धातूतला अरबी ‘लह्म’ मांसावर गेला, ज्याच्या घरी जे शिजतं ते.) पण मराठीत भाकर हे दुहेरी काम करतेच की! ‘भाकर खाल्ली का?’ म्हणजे जेवलात का, मग ताटात वरणभात का असेना. ‘पोटाची भाकर’ म्हणजे रोजगार. मग ‘अन्न’ घालून नवीन काय मिळालं? उलट हातात धरायची वस्तू गेली.

आणि जालन्यात राहता म्हणून सांगतो. तुमच्याजवळचं बेथेल नारायण शेषाद्रींनी वसवलं. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. ‘बेथ’ म्हणजे घर, ‘बेथेल’ देवाचं घर. तोच ‘बेथ’ बेथलेहेमात आहे आणि पुढं ‘लेहेम’. नाताळात पोरांना सांगा, येशू भाकरीच्या घरी जन्मला. ‘अन्नाचं घर’ म्हटलं की रेशन दुकान डोळ्यांपुढं येतं.

चिंचेचं झाड
गोदाकाठदादा रंगात आले की थांबत नाहीत. पण एक शंका. येशूच्या मुलखातली भाकर म्हणजे भट्टीत भाजलेली, बहुधा खमीर घातलेली. आपली तव्यावरची. मग ‘भाकर’ हेच भाषांतर ढिलं नाही का? ‘पाव’ जास्त जवळचा.

गोदाकाठ
वस्तूनं जवळचा, मानानं लांबचा. ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला आणि आमच्या आजोळी पाव आजारी माणसासाठी आणत, चहात बुडवून द्यायला. रोजचं मागणं त्याच्यावर कसं ठेवणार? शिवाय योहान त्याच्या शुभवर्तमानात स्पष्ट म्हणतो, त्या पोराजवळच्या पाच भाकरी जवाच्या होत्या. गव्हापेक्षा हलकं, गरिबाघरचं धान्य. आपल्याकडं ती जागा ज्वारीची.

आंबाडीची भाजी
बायबलातला ‘बेखमीर भाकरीचा सण’ लहानपणी मला कळायचाच नाही. भाकरीत खमीर घालतंच कोण? ज्वारीच्या पिठाला चिकटाच नसतो, म्हणून तर उकळतं पाणी घालून मळायचं, तळहातानं रगडायचं. नाहीतर परातीतून उचलतानाच भाकर चिरते. खमीर घातलं तरी ती पावासारखी फुगायची नाही.

वापराचं म्हणाल तर आमच्या घरी शब्द देवळातून चुलीपाशी आला का चुलीपाशून देवळात गेला, सांगता येत नाही. आजी डोळे मिटून प्रार्थना म्हणायची, ‘आमेन’ झालं की लगेच, ‘घ्या, मोडा भाकर.’ प्रभुभोजनात, म्हणजे देवळातल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीत, पाळकसाहेबही ‘भाकर मोडून’ म्हणतात, हातात असतात पावाचे बारीक तुकडे. द्राक्षारस आई आदल्या रात्री करायची, काळ्या मनुका भिजवून, चुरून, फडक्यातून गाळून. उरलेल्या भाकरीबद्दल घरात त्याच गोष्टीतलं येशूचं वचन ठरलेलं, ‘उरलेले तुकडे गोळा करा.’ सकाळी त्याच तुकड्यांचा कुस्करा, वरून लसणाची फोडणी. धाकटा भाऊ कुरकुरला तर आजी म्हणायची, ‘बारा टोपल्या भरल्या होत्या, तुझी तर एक वाटी आहे.’

चिंचेचं झाड
आजीपुढं माघार. पण ‘तोडून’ का नाही? बोलताना बरेच जण ‘भाकर तोडली’ म्हणतात.

आंबाडीची भाजी
काकू, आमच्याकडं फांदी तोडतात, भाकर मोडतात. दुसऱ्याला द्यायची असेल तर मोडतातच. अर्धी, चतकोर, अगदी नितकोर का असेना.

पुण्याची, आता जालन्याची
‘भाकर’ ठेवते. कार्डाच्या मागच्या बाजूला पाच भाकरी आणि दोन मासे काढायचे आहेत. चित्र काढणाऱ्या मुलानं गोल फुगीर पाव काढून पाठवलेत, ते परत करते. सासूबाई विचारताहेत, भाकरीवर पापुद्रा सुटलेला दिसला पाहिजे, तो पेन्सिलनं जमेल का?